मूग गिळून बसायची मुभा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लोकशाही, हुकूमशाही आणि सर्वंकषवाद यांचा तीन रकान्यांचा तक्ता तुमच्या नोट्समध्ये आहे, तो पाठही झालाय, पण खरे देश त्यात बसवायला गेलं की गाडी अडते. सिंगापूर कुठल्या रकान्यात? चीन कुठल्या? निवडून आलेला नेताच हळूहळू हुकूमशहा झाला, तर रकाना नेमका कधी बदलायचा? आणि सर्वंकषवाद म्हणजे नुसती जास्त कडक हुकूमशाही, की आणखी काही?

आधी शब्दांचं बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. वर्तमानपत्री मराठीत 'हुकूमशाही' हा एकच शब्द सगळ्यांना लावतात. पाठ्यपुस्तकांत अधिकारशाही, एकाधिकारशाही, सर्वंकषवाद असे शब्द येतात आणि प्रत्येक लेखक ते थोडे वेगळे वापरतो. मी मधल्या रकान्याला अधिकारशाही म्हणेन, तिसऱ्याला सर्वंकष राजवट, आणि दोन्हींबद्दल एकत्र बोलायचं असेल तेव्हाच हुकूमशाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तौलनिक राजकारण शिकवायला लागून मला पंचवीसेक वर्षं झाली. उत्तरपत्रिकांमध्ये एक वाक्य दरवर्षी भेटतं: 'सर्वंकष राजवटीत अधिकारशाहीपेक्षा जुलूम जास्त असतो.' ऐकायला बरोबर वाटतं, आणि गफलत तिथेच होते. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्कराची राजवट होती. माणसं रात्री घरातून उचलली जायची आणि पुन्हा दिसायची नाहीत. काही कैद्यांना विमानातून जिवंत समुद्रात फेकलं गेलं. लोकशाही परतल्यावर नेमलेल्या आयोगाने अशा ८,९६१ बेपत्ता माणसांची नोंद केली; मानवी हक्क संघटना हा आकडा ३०,००० सांगतात. इतकं होऊनही अभ्यासक त्या राजवटीला सहसा सर्वंकष म्हणत नाहीत. उलट १९८० च्या दशकातल्या पूर्व जर्मनीत सरकारच्या हातून मेलेली माणसं त्या मानाने फार थोडी, तरीही ती राजवट सर्वंकषवादाच्या कितीतरी जवळ होती.

म्हणजे क्रौर्याच्या पट्टीने हे मोजता येत नाही. मी वर्गात वेगळी पट्टी वापरतो: राज्यकर्त्याला तुमच्याकडून काय हवंय? लोकशाहीतल्या राज्यकर्त्याला तुमचं मत हवं असतं आणि चार-पाच वर्षांनी ते पुन्हा हवं असतं. अधिकारशाहीला तुमचं गप्प बसणं पुरतं. सर्वंकष राजवटीला ते पुरत नाही. तिला तुमचा होकार हवा, तोही मोठ्याने, चारचौघांत, जमल्यास मिरवणुकीत चालत. मूग गिळून बसणं याला आपण मराठीत जरा हिणवूनच बोलतो. पण तसं बसता येणं हीसुद्धा एक मुभा आहे, आणि ती कुठे मिळते, कुठे नाही, यावरून मधला आणि तिसरा रकाना वेगळा होतो.

हा फरक पहिल्यांदा नीट मांडला गेला तो स्पेनकडे बघून. जनरल फ्रँको १९३९ ते १९७५ सत्तेवर होता. यादवी युद्धानंतर त्याच्या राजवटीने हजारो लोकांना गोळ्या घातल्या, तेव्हा तिला सौम्य कुणी म्हणू नये. पण हुआन लिंझ हे समाजशास्त्रज्ञ स्पेनमध्ये वाढलेले, आणि १९६४ मध्ये त्यांनी असं दाखवलं की या राजवटीला हिटलर-स्टालिनच्या पंगतीत बसवलं तर तिचं कामकाज कळतच नाही. तिथे चर्चचं स्वतःचं वजन होतं. लष्कराचं होतं. राजेशाहीवाले होते, फॅसिस्ट वळणाचे फालांज पक्षवाले होते, पुढे अर्थव्यवस्था चालवणारे तंत्रज्ञ आले. ही सगळी मंडळी एकमेकांच्या तंगड्या ओढायची आणि फ्रँको वर बसून त्यांचा तोल सांभाळायचा. मोजक्याच लोकांना, मोजक्याच जागेत, पण राजकारण करायला वाव होता. दुसरं म्हणजे राजवटीकडे देशभक्ती, धर्म, शिस्त अशी एक मनोवृत्ती होती, मात्र माणूस नव्याने घडवायचा, इतिहास शेवटाला न्यायचा असला पोथीबंद सिद्धांत नव्हता. तिसरं, सुरुवातीचा गदारोळ सोडला तर लोकांना रस्त्यावर आणायची तिला हौस नव्हती. फुटबॉल बघा, चर्चला जा, धंदा करा, राजकारणाचं नाव काढू नका. आणि चौथी गोष्ट, जिला नोट्समध्ये कधीच जागा मिळत नाही: सत्तेच्या मर्यादा कागदावर धूसर असल्या तरी लोकांना त्या साधारण ठाऊक होत्या. काय केलं तर पोलीस दारात येतील याचा अंदाज बांधता यायचा.

या चौथ्या मुद्द्यावर थोडं थांबतो. अधिकारशाहीतला माणूस घाबरतो, पण कशाला घाबरायचं हे त्याला माहीत असतं. आता सोव्हिएत रशियातलं १९३७ घ्या. त्या वर्षी ३० जुलैला गुप्त पोलिसांचा एक आदेश निघाला, क्रमांक ००४४७. त्यात प्रत्येक प्रांताला कोटा दिला होता: इतक्या लोकांना गोळी घाला, इतक्यांना छावणीत पाठवा. माणसं कोण ते पुढे ठरायचं, आकडा आधी ठरलेला. प्रांतांतले अधिकारी मागे पडू नयेत म्हणून कोटा वाढवून मागायचे आणि तो मिळायचाही. सरकारी कागदांप्रमाणेच १९३७-३८ या दोन वर्षांत सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत क्रांती घडवणारे जुने बोल्शेव्हिक होते, सेनापती होते, आदेशावर सही करणारा गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह स्वतः १९४० मध्ये मारला गेला. अशा ठिकाणी 'नियम पाळले तर सुरक्षित' हे समीकरणच उरत नाही.

आणि गप्प बसण्याचं काय? मॉस्कोत पक्षाच्या जुन्या नेत्यांवर खटले चालू असताना कारखान्यांत, विद्यापीठांत, लेखकांच्या संघटनेत सभा भरायच्या. 'देशद्रोह्यांना' मृत्युदंड द्या असे ठराव व्हायचे आणि हात वर करायचे असायचे. कोणाचा हात खाली राहिला याकडे लक्ष असायचं. याच काळात, १२ डिसेंबर १९३७ ला, सोव्हिएत संघात निवडणूकही झाली. प्रत्येक जागेला एक उमेदवार, मतदान ९६ टक्क्यांच्या वर. 'हुकूमशाहीत निवडणुका होत नाहीत' असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ही तारीख लिहून देतो. राज्यघटनाही होती, १९३६ ची, आणि तिच्या १२५ व्या कलमात भाषण, मुद्रण आणि सभा यांचं स्वातंत्र्य दिलेलं होतं. कागद बघून रकाना ठरवायचा असता तर स्टालिनचा रशिया पहिल्यात गेला असता. एकच उमेदवार असलेल्या निवडणुकीत निवड कशाची होते, असं तुम्ही विचाराल. ती हजेरी असते. कोण आला, कोण नाही आला, याची.

सर्वंकष राजवट खाजगी आयुष्यात किती आत शिरते हे समजायला मला रुमानियाचं उदाहरण जास्त उपयोगी वाटतं, कारण तिथे एवढी कत्तल नव्हती. १९६६ मध्ये चाउशेस्कू या कम्युनिस्ट हुकूमशहाच्या सरकारने ७७० क्रमांकाचा हुकूम काढून गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली, कारण राज्याला लोकसंख्या वाढवून हवी होती. पुढे कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या स्त्रीरोग तपासण्या सुरू झाल्या, कुणी गुपचूप गर्भ पाडत नाही ना हे बघायला. चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका मेल्या. १९८३ मध्ये टाइपरायटरची पोलिसांत नोंद करणं सक्तीचं झालं. यंत्राच्या अक्षरांचा नमुना द्यावा लागायचा, म्हणजे उद्या एखादं पत्रक सापडलं तर ते कुठल्या यंत्रावर टंकलं हे कळावं. फ्रँकोच्या स्पेनमध्येही गर्भपाताला बंदी होती आणि सेन्सॉरही होता, हे खरं. पण माणसाच्या प्रत्येक कोपऱ्यावर एकाच केंद्राची नजर आणि एकाच पक्षाचा हक्क असावा, हा हट्ट तिथे नव्हता. नाझी जर्मनीत सत्तेवर आल्याच्या पहिल्याच वर्षी कामगार संघटनांपासून गायन मंडळं आणि क्रीडा क्लबांपर्यंत सगळ्या संस्था एका रेषेत आणायची मोहीम निघाली. ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या कंबोडियात, १९७५ नंतर, शहरं रिकामी केली, पैसा रद्द केला आणि पुढे घरी चूल पेटवणंही बंद करून सगळ्यांना सार्वजनिक भोजनगृहात जेवायला बसवलं. कुटुंबाने एकत्र जेवणं हीसुद्धा राज्याबाहेरची एक निष्ठा ठरली. चारेक वर्षांत त्या छोट्या देशातले पंधरा ते वीस लाख लोक मेले.

गंमत अशी की 'सर्वंकष' हा शब्द ज्या देशात जन्मला तिथेच तो पुरता लागू पडत नाही. इटलीत १९२३ मध्ये जोव्हान्नी अमेन्डोला या विरोधी नेत्याने फॅसिस्टांवर टीका करताना तो वापरला. १९२५ मध्ये फॅसिस्ट गुंडांनी त्याला बेदम मारलं, आणि त्या दुखण्यातून तो न उठता पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये वारला. त्याच सुमाराला मुसोलिनीने ती शिवी उचलून बिरुदासारखी मिरवायला सुरुवात केली: सगळं राज्याच्या आत, राज्याबाहेर काही नाही. प्रत्यक्षात राज्याबाहेर बरंच काही होतं. गादीवर राजा होता. १९२९ मध्ये पोपशी करार करून चर्चला तिची जागा द्यावी लागली होती. म्हणूनच २५ जुलै १९४३ ला, युद्ध हरत आल्यावर, फॅसिस्ट पक्षाच्या महापरिषदेनेच मुसोलिनीविरुद्ध ठराव केला, राजाने त्याला बोलावून बडतर्फ केलं आणि बाहेर पडताच अटक झाली. हिटलरला असं बडतर्फ करणारं कुणी शिल्लकच नव्हतं. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग २ ऑगस्ट १९३४ ला गेला, त्याच दिवशी ते पद हिटलरकडच्या चॅन्सेलरपदात, म्हणजे सरकारप्रमुखाच्या पदात, मिसळलं आणि सैन्याने हिटलरच्या नावाने शपथ घेतली. तेव्हा एखादी राजवट स्वतःला काय म्हणवते यापेक्षा तिच्या प्रमुखाला घरी कोण पाठवू शकतं, हे आधी बघा.

इथून लोकशाहीकडे वळतो. लोकशाहीची व्याख्या करताना विद्यार्थी 'लोकांचे राज्य' पासून सुरू करतात आणि हक्कांची यादी देतात. यादी चूक नाही. मात्र एखाद्या देशाबद्दल मला विचारलंत तर मी पहिल्यांदा बघेन की तिथला सत्ताधारी शेवटचा कधी हरला आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी काय झालं. हरलेला घरी झोपला का? तुरुंगात गेला का? देश सोडून पळाला का? जिंकलेल्याला कार्यालयाच्या किल्ल्या मिळाल्या का? म्यानमारमध्ये नोव्हेंबर २०२० ला निवडणूक झाली, लष्कराच्या बाजूचा पक्ष सपाटून हरला आणि १ फेब्रुवारी २०२१ ला, नवी संसद भरायच्या दिवशी, लष्कराने जिंकलेल्यांनाच अटक केली.

याच्या उलटं घडतं तेव्हा ते बघण्यासारखं असतं. चिलीत १९७३ पासून जनरल पिनोशेची अधिकारशाही होती. त्याने स्वतःच करून घेतलेल्या १९८० च्या घटनेत लिहिलं होतं की आठ वर्षांनी जनतेला विचारायचं: आणखी आठ वर्षं की नाही? तो जिंकणारच असं त्याला वाटत होतं. ५ ऑक्टोबर १९८८ ला मतदान झालं आणि सुमारे ५६ टक्के लोक 'नाही' म्हणाले. रात्री सरकारी आकडे रेंगाळायला लागले. तेवढ्यात हवाई दलाचा प्रमुख फर्नांदो मातेई राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात बैठकीला शिरताना पत्रकारांना सरळ सांगून मोकळा झाला की 'नाही'वाले जिंकलेत असं दिसतंय. त्यानंतर निकाल फिरवणं अवघड होतं. अधिकारशाहीत वरच्या वर्तुळात असे वेगवेगळे पाय असतात, आणि त्यातला एक निखळला की खुर्ची डगमगते. सर्वंकष राजवट एवढ्या उठाठेवीने सगळे पाय एकाच ओंडक्यातून कोरते ते याचसाठी.

म्हणूनच अधिकारशाहीतून लोकशाहीकडे जायची वाट तुलनेने चालण्याजोगी असते. फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ ला गेला. वर्षाच्या आत, नोव्हेंबर १९७६ मध्ये, त्याच्याच जुन्या संसदेने ४२५ विरुद्ध ५९ मतांनी असा कायदा केला की आता खऱ्या निवडणुका घेऊ. म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचं विसर्जन. एप्रिल १९७७ मध्ये कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठली, जूनमध्ये निवडणूक झाली. चर्च, वकील, उद्योजक, भूमिगत कामगार संघटना, सगळं हयात होतं. नवीन घर बांधायला विटा जागेवर होत्या. सर्वंकष राजवट कोसळते तेव्हा आधी विटाच नव्याने बनवाव्या लागतात. ज्या समाजात साठ-सत्तर वर्षं बुद्धिबळाचा क्लबसुद्धा पक्षाच्या परवानगीने चालला, तिथे उद्यापासून चार पक्ष काढा म्हटलं तर काढणार कोण?

लोकशाहीला फुलं वाहण्याआधी एक अडचण मांडलीच पाहिजे. १९४२ मध्ये अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना, ज्यात बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते, घरातून उठवून छावण्यांत टाकलं. गुन्हा काही नाही, नुसता वंश. सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये या धोरणाची पाठराखण केली. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळालं १९७१ मध्ये. बहुमताने अन्याय करता येतो आणि तो न्यायालयाच्या शिक्क्यानिशी करता येतो. फरक पुढे दिसतो. छावण्यांतून सुटलेले लोक दावे लावू शकले, पुस्तकं लिहू शकले, प्रतिनिधी निवडून पाठवू शकले; १९८८ मध्ये सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर भरपाई देण्याचा कायदा केला. चाळीसेक वर्षं लागली, तोवर कित्येक जण गेलेही होते. याला न्याय म्हणायचा का, हे तुम्ही ठरवा. पण सोव्हिएत राज्याला क्रायमियातून १९४४ मध्ये हाकललेल्या तातारांबद्दल असं काही करायला भाग पाडेल अशी यंत्रणाच त्या व्यवस्थेत नव्हती.

'निदान हुकूमशहा कामं तरी पटापट करतो' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. करतो, खरं आहे. चुकाही तितक्याच पटापट करतो. अडचण माहितीची आहे. वाईट बातमी देणाऱ्याचं डोकं उडतं हे कळलं की वर जाणारा प्रत्येक कागद गोड व्हायला लागतो. राजा बोले दळ हाले. जानेवारी १९३७ मध्ये सोव्हिएत संघात जनगणना झाली. लोकसंख्या सुमारे १६ कोटी २० लाख भरली. दुष्काळ आणि दडपशाहीत मेलेली माणसं मोजणीत येणार कुठून? स्टालिनला याहून कितीतरी मोठा आकडा अपेक्षित होता. मग जनगणनाच रद्द झाली, ती करणारे संख्याशास्त्रज्ञ पकडले गेले, काहींना गोळ्या घातल्या आणि १९३९ मध्ये नवीन मोजणी होऊन १७ कोटींचा आकडा जाहीर झाला. नव्या मोजणीवाल्यांना काय उत्तर हवं होतं, हे समजायला संख्याशास्त्र लागत नाही.

चीनमध्ये याची किंमत फार मोठी पडली. १९५८ मध्ये माओने 'मोठी झेप' सुरू केली, म्हणजे शेती आणि उद्योगाचं उत्पादन झपाट्याने वाढवायची मोहीम. खालच्या अधिकाऱ्यांनी धान्याचे फुगवलेले आकडे पाठवले, त्या आकड्यांवर सरकारने वसुली ठरवली, गावात पेरायला बी उरलं नाही आणि निर्यात मात्र चालू राहिली. १९५९ च्या उन्हाळ्यात लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआई याने माओला पत्र लिहून हे बिघडतंय असं सांगितलं. त्याचं पद गेलं आणि बाकीच्यांनी घ्यायचा तो धडा घेतला. मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. अमर्त्य सेन यांचं निरीक्षण याच संदर्भात वाचा: मुक्त वृत्तपत्रं आणि खरा विरोधी पक्ष असलेल्या देशात असा भूकबळींचा मोठा दुष्काळ पडलेला नाही. लोकशाहीतले मंत्री जात्याच दयाळू असतात असा त्याचा अर्थ नाही. तिथे बातमी दाबून ठेवता येत नाही आणि पुढच्या निवडणुकीत जाब द्यावा लागतो.

खुद्द हुकूमशहालाही हे शेवटी भोवतं. १ मार्च १९५३ ला स्टालिन आपल्या खोलीत झटका येऊन पडला. न बोलावता आत जायची पहारेकऱ्यांची छाती होईना म्हणून तो तासन्तास तसाच पडून राहिला, आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. नामांकित डॉक्टरांपैकी कित्येक त्या वेळी त्याच्याच हुकमाने तुरुंगात होते. चाउशेस्कूला २१ डिसेंबर १९८९ ला बुखारेस्टच्या चौकात, टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू असताना, जमवून आणलेल्या गर्दीतून हुर्यो ऐकू आली. चेहऱ्यावरचा गोंधळ त्या चित्रफितीत स्पष्ट दिसतो. आपणच जमवलेली गर्दी उलटेल असं त्याला वाटलं नव्हतं. चार दिवसांनी त्याला गोळ्या घातल्या गेल्या.

आता रकाना कधी बदलायचा. पूर्वी हे सोपं होतं: रणगाडे रस्त्यावर आले, रेडिओ केंद्र ताब्यात गेलं, की तारीख लिहायची. अलीकडे बऱ्याच ठिकाणी काम कायद्याच्या पुस्तकातूनच होतं. तसं हेही जुनंच म्हणा. हिटलर ३० जानेवारी १९३३ ला रीतसर चॅन्सेलर नेमला गेला; २७ फेब्रुवारीला संसदेची इमारत जळली, दुसऱ्या दिवशी वटहुकमाने नागरी हक्क स्थगित झाले; २३ मार्चला संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी सरकारला संसदेशिवाय कायदे करायचा अधिकार दिला. विरोधातली सगळी मतं सोशल डेमोक्रॅट पक्षाची होती. कम्युनिस्ट खासदारांना आतच येऊ दिलं नव्हतं. १४ जुलैला नाझींखेरीज दुसरा पक्ष काढणं गुन्हा ठरला. साडेपाच महिन्यांत पहिल्या रकान्यातून तिसऱ्याकडे, आणि प्रत्येक पायरीला कायद्याचा कागद.

आजची प्रकरणं संथ असतात आणि सहसा मधल्या रकान्यापाशी थांबतात. हंगेरीत २०१० मध्ये एका पक्षाला सुमारे ५३ टक्के मतांवर संसदेच्या दोन तृतीयांशांहून जास्त जागा मिळाल्या. त्या बळावर त्याने नवी घटना केली, मतदारसंघांची रचना बदलली, घटनात्मक न्यायालयाचे अधिकार आवळले. मतपेटीत हात कुणी घातला नाही. विरोधी पक्ष निवडणूक लढवत राहिले, सभा घेत राहिले, फक्त मैदान एका बाजूला कललेलं होतं. अशा राजवटींना अभ्यासक 'स्पर्धात्मक अधिकारशाही' म्हणतात. सिंगापूरची जागा मी याच्या शेजारी लावेन: १९५९ पासून एकच पक्ष सत्तेवर, मतमोजणी स्वच्छ, न्यायालयं व्यापाराच्या बाबतीत चोख, पण बदनामीचे दावे, सभांवरचे निर्बंध आणि गटवार मतदारसंघ (जिथे उमेदवारांचा अख्खा गट एकत्र निवडून येतो) यांमुळे विरोधकांना चढण फार. २०११ मध्ये सत्ताधाऱ्यांना ६०.१ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या ८७ पैकी ८१. मेक्सिकोत एका पक्षाकडे राष्ट्राध्यक्षपद १९२९ पासून २००० पर्यंत राहिलं आणि मग तो खरंच हरला, खुर्ची सोडून गेला. तेव्हा 'इतकी वर्षं एकच पक्ष' एवढ्यावरून निकाल देऊ नका. मेक्सिकोला आपण २००० साली लोकशाहीत टाकतो ते हरल्यानंतर.

माझी बघायची पद्धत म्हणाल तर मतदानाच्या दिवशीची छायाचित्रं मी शेवटी बघतो. आधी निवडणूक आयोगावर नेमणुका कोण करतं ते, मग अर्ज बाद कसे होतात ते. इराणमध्ये मतदान खरं असतं, पण उमेदवार कोण हे धर्मगुरू आणि कायदेपंडितांची पालक परिषद आधी चाळते. मग मुदतीचं कलम: चीनमध्ये ११ मार्च २०१८ ला २,९५८ विरुद्ध २ मतांनी राष्ट्राध्यक्षपदावरची दोन मुदतींची अट गेली. मग सरकारविरुद्ध निकाल देणाऱ्या न्यायाधीशाचं पुढे काय झालं ते. आणि विनोद. सत्तेवरच्या माणसाचं व्यंगचित्र काढणारा दुसऱ्या दिवशी कामावर आला का?

भारतातली आणीबाणी कुठे बसवायची हे कुणीतरी विचारतंच, म्हणून सांगून टाकतो. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७. लाखाच्या वर लोक तुरुंगात, वृत्तपत्रांवर सेन्सॉर. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ असं म्हटलं की बेकायदा अटकेविरुद्धही या काळात दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना वेगळे राहिले. ते एकवीस महिने मी बिनदिक्कत मधल्या रकान्यात टाकतो. सक्तीच्या नसबंदीने राज्य घरात शिरलं होतं, तेव्हा तिसऱ्याची चाहूल होती असं कुणी म्हटलं तर मी वाद घालेन, पण हसणार नाही. मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली, पंतप्रधान स्वतःच्या मतदारसंघातही हरल्या आणि पायउतार झाल्या. पुढच्या वर्षी ४४ व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून तिथे 'सशस्त्र उठाव' घातलं, म्हणजे तीच वाट पुन्हा तितक्या सहज चालता येऊ नये.

राहिला चीन. तुम्ही अडलात ते बरोबरच आहे, कारण 'चीन' या एका शब्दाला कुठलाच रकाना पुरत नाही. १९६६ चा चीन, रेड गार्ड्स या माओभक्त तरुणांच्या टोळ्यांचा, जिथे मुलं आईबापांविरुद्ध सभेत उभी राहायची, तो तिसऱ्या रकान्यातला. १९९५ चा चीन बराचसा मधला: पैसे कमवा, परदेशात शिका, पक्षाच्या वाटेत येऊ नका, गप्प बसा. त्यातही किती मुलं व्हायची हे सरकार ठरवत होतं, म्हणजे तिसऱ्याचा एक मोठा तुकडा शिल्लक. आणि आजच्या शिनजियांग प्रांतातला उइघुर मुसलमान आणि शांघायमधला व्यापारी एकाच पक्षाच्या राज्यात राहत असले तरी त्यांच्या वाट्याला एकच राजवट येत नाही; पहिल्याकडून धर्म, भाषा, मन बदलण्याची मागणी होते, दुसऱ्याने मूग गिळले की भागतं. तेव्हा तक्ता फाडू नका. त्यात देशाचं नाव लिहाल तिथे पुढे साल लिहा, आणि लागेल तिथे प्रांतही.